चांदीची थोरली बहीण

वैभववाडी, ३ ऑक्टोबर २०२४

चि. किशोरीस आईचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुझे बाबा स्पीकर लावतात आणि अख्खी पडवी ऐकत बसते, म्हणून लिहिते. अंडाशयाची गाठ कॅन्सरची निघाली हे तुला कळलंच आहे. तिकडच्या, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दिवाळीआधी सलाईनमधून औषध सुरू करायला सांगितलंय. मी नाही म्हटलं.

रागावू नकोस. तू प्रयोगशाळेत चांदीचं जे औषध करतेस ते जंतूही मारतं आणि कॅन्सरच्या पेशीही, हे गणपतीत तूच सांगितलंस. मग परक्या औषधाने मी केस का घालवू? देवळात कौल लावला. लेकीच्या औषधाने मी बरी होईन का, एवढंच गुरवाने विचारलं. मूर्तीवरचं उजवं फूल पडलं गो, म्हणजे होकार! आता देवाचा शब्द मोडून घाट कसा चढू? मी नाही म्हटल्यापासून तुझे बाबा धड जेवत नाहीत. एकीकडे ते, एकीकडे देव, आणि मधे मी. कापणी चालू आहे, पण मला शेतात उतरवत नाही.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या सरांना विचार आणि एक बाटली घेऊन ये. माया पातळ करू नकोस.

तुझी आई, मथुरा

कोल्हापूर, ८ ऑक्टोबर

तीर्थरूप आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग रडले. आई, बाटली नाहीच. आहे ती चिमूटभर पांढरी पूड, उजेड लागला की काळी पडणारी. काचेच्या बशीत तिने कॅन्सरच्या पेशी मारल्या हे खरं. पण गणपतीनंतर पाहिलं तर शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशीही मेलेल्या. ती तुला दिली तर गाठीआधी तूच जाशील. आधी उंदीर, मग माणसं, यात वर्षं जातील, आणि तुझी गाठ तोवर थांबणार नाही. माझ्याच औषधाने तुला अडकवून ठेवलंय. बाबांना तोंड दाखवायला मला जागा नाही.

पण एक ऐक. डॉक्टर देणार ते सलाईनही धातूचंच आहे, प्लॅटिनमचं. त्याचा गुण पाहूनच लोक चांदीकडे वळले. म्हणजे प्लॅटिनम थोरली आणि चांदी धाकटी. संचिताताईचं ठरेपर्यंत माझं एकही स्थळ तू दारात उभं केलं नाहीस, थोरलीआधी धाकटीला बोहल्यावर चढवायचं नाही म्हणून. आता तूच रीत मोडतेस?

तू ये. मी हे संशोधन सोडते आणि तुझ्या उशाशी बसते. पुढे बँकेची परीक्षा देईन. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी किशोरी

वैभववाडी, १४ ऑक्टोबर

चि. किशोरीस आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन देवळात गेले. गुरव म्हणाला, पुन्हा कौल लावूया. मी नको म्हटलं. डावं फूल पडलं असतं तर? नुसतं गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, तुझो कौल माका मान्य आसा, पण थोरली आसताना धाकटेक पुढे करूची रीत नाय, म्हणान आधी थोरलेक घेतंय, राग धरू नको. गुरव तेवढा व्हय म्हाराजा म्हणाला. देव रागावला नसावा असं मी धरून चालते.

येत्या सोमवारी आम्ही येतो, हे ऐकून बाबा पोटभर जेवले. केस गेले की घालायला तुझी ती लाल कानटोपी काढून ठेव. भीती वाटते गो, खोटं कशाला लिहू. दवाखान्याच्या त्या खाटेवर एकदा आडवी झाले की सुटका नाही, असं वाटतं.

उशाशी बसायचं मात्र विसर. त्याला तुझे बाबा आहेत. थोरलीने बरं केलं तर उत्तम, नाही केलं तर मागे धाकटी नको का? देवाने होकार दिलाय तो तुझ्या पुडीला, बँकेला नाही. मी सलाईनला बांधलेली असेन, तू तुझ्या बशांना. त्या निरोगी पेशी कशा वाचतील ते बघ. संध्याकाळी भेटायला ये, आणि येताना हात धुऊन ये. माया आहे, ती राहू दे.

तुझी आई