चाळीस खुंट्या

माघ वद्य २
परळी टेशन. दुर्बिणीची पेटी आजही आली नाही. बारा दिवस झाले. गाडी सकाळची, ती दिवस मावळता आली. मागच्या टेशनावर टाकीत पाणी नव्हतं म्हणून इंजिन उभं होतं म्हणे, गावातून पखालीनं पाणी आणून पाजलं. मास्तरला विचारलं उद्याची गाडी कधी. तो म्हणाला, "आली की घंटा वाजवीन."

ओव्हरसियर साहेब (इथून पुढं ओ.सा. लिहीन) रोज टेशनावर येतात, खुर्चीवर बसतात, जातात. परळी ते बीड लाइनीची मोजणी त्यांच्याकडं आहे आणि मोजायचं हत्यारच गाडीत कुठंतरी अडकलंय. लाइन मोजायला लाइनच आड येते. मी झेंडीवाला, दुर्बिणीसमोर झेंडी धरून उभा राहणारा, रोजावर. आधी दोन इयत्ता मराठी, मग तीन उर्दू, मग काहीच नाही. त्यातल्या त्यात हे काम बरं.

माघ वद्य ५
पेटी आली. दुसरीकडं गेलती, तिकडून फिरून आली. झाकण फुटलेलं, भिंग शाबूत.

कासिमचाचांची गंमत. पुलांचे मिस्त्री, साठीचे. तरणेपणी आफ्रिकेत रेल्वे बांधायला गेलते, बोटीनं. जो भेटतो तो सिंह विचारतो. आज टेशनावरच्या हमालानं विचारलं तर चाचा भडकले. "शेर नक्को पूछ रे. सिंहानं दोन खाल्ले असतील, तापानं किती खाल्ले ते कोण पूछता?" मग मला सांगत बसले. तिकडं लाइन बंदरापासून आत नेली, आतलं सगळं बाहेर काढायला. वाटेतल्या गावाला गाडी दिसते, थांबत नाही. पैसा संपला की काम थांबतं. "रूळ जिथं संपले, तिथं एक मास्तर बसवतात अन् त्याला विसरून जातात." मी म्हणालो इथंबी तसंच, सरकी-कापसाच्या हंगामात गाड्या येतात, एरवी आपण पखाली वाहायच्या. चाचा म्हणाले, "वही तो."

फाल्गुन शु. ३
काम सुरू, तंबू दिंद्रुडच्या शिवारात, खुंट्यांचे नंबर इथूनच एकपासून. दर शंभर फुटांवर सागवानी खुंटी, डोक्यावर तांबड्या रंगात नंबर. आजवर १९० झाल्या. ओ.सा. खूश होते. म्हणाले, पाडव्यानंतर हैदराबादचा मोठा साहेब बघायला येणार, रेघ पसंत पडली तर दिंद्रुड, वडवणी, बीड, सगळीकडं टेशनं. आणि मला कायम करतील, गँगवर. मी दोनदा विचारून घेतलं. कायम म्हणजे कायम.

दादाला सांगावा धाडला. मोठा भाऊ, दिंद्रुडलाच शेती, एकटा ओढतो. त्याचा उलटा सांगावा: "रेल्वे येईल तवा येईल, ज्वारी आत्ता काढायला आलीय." वैनीनं भाकरी मात्र दिल्या, लसणाची चटणी लई तिखट.

फाल्गुन शु. ६
आज पळालो. कामावर यायच्या वाटेला वैदू उतरलेत, एकानं तुंबडी लावून पाटलाच्या गड्याच्या पाठीतलं काळं रक्त काढलं. बघतच राहिलो, दिवस कलला. परत आलो तर माझी झेंडी चाचांनी धरलेली आणि २१२ पासून पुढचा सगळा तुकडा ठोकून झालेला. चाचांनी झेंडी माझ्या हातात दिली. ओ.सा. एवढंच म्हणाले, "कल से टाइम पे." मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्यापासून नीट.

फाल्गुन शु. ११
ओ.सा.ना ताप. चाचा त्यांना छकड्यातून परळीच्या दवाखान्यात घेऊन गेले. जाताना ओ.सा. म्हणाले, खुंट्या तुझ्या ताब्यात, रोज संध्याकाळी एक फेरी मार. "हो साहेब."
मी एकटा लाइनीचा राजा.

फाल्गुन शु. १३
तेलगावला कुस्त्या. जाऊन येतो, एका दिवसाचा तर सवाल.

होळी
तेलगावहून आजच आलो, तीन दिवस झाले (जोडी बरोबरीत सुटली, मग दुसऱ्या दिवशी परत लावली, कसा निघणार). नीट दिंद्रुडलाच, आमच्या गावात गेलो होळीला. लई मोठी होळी औंदा. पाटलाची बाज, कुणाचं तरी दार, सुताराचं जू. वर तोंड करून मीबी बोंब ठोकली सगळ्यांसंगं. मग जाळ जरा बसला आणि एक लाकूड घरंगळून पायाशी आलं. तांबडा नंबर. २२७.

सोपाना शेजारी उभा होता, लहानपणचा सोबती. म्हणालो, ह्या कुठून आणल्या बे. म्हणाला, "सरकारची लाकडं वाळलेली अस्त्यात, झटक्यात पेटत्यात." किती? "धा जणांनी चार-चार." होळीत पडलेलं लाकूड मागायचं नसतं, ज्याची बाज गेली तो पाटीलसुद्धा हसत उभा होता. मागच्या साली मीच गुरवाची शिडी टाकलती.

पायानं २२७ परत आत ढकलली.

फाल्गुन वद्य १
सकाळी जाऊन मोजलं. २१२ ते २५१. चाळीस गेल्या. रानात नुसती धसकटं.
ओ.सा. चार दिवसांत येतील.

फाल्गुन वद्य ३
सुताराकडून बाभळीच्या चाळीस खुंट्या करून घेतल्या. त्याचं जू जळालंय म्हणून तो आधीच वैतागलेला. रंग नाही, गेरू लावला. २११ वर उभा राहून २५२ कडं डोळा लावला, दोरी धरली, नीट सरळ रेघेत ठोकत गेलो. एकट्यानं, उन्हात, दिवसभर. २३० पाटलाच्या विहिरीवर आली, बैल मोट ओढतात त्या उतारावरच. ठोकली. रेल्वेला विहिरीचं काय, बुजवतील.
हात सोलले. पण झालं. कुणाला कळायचं नाही.

फाल्गुन वद्य ७
ओ.सा. आले, वाळलेत, काठी घेऊन चालतात. अजून रानात गेले नाहीत, कागदच काढतायत. चाचा रानात बघायला गेले. परत आले ते माझ्यासमोर उकिडवे बसले.
"ये क्या किया बे?"
सांगितलं सगळं. कुस्त्या पण.
चाचा म्हणाले, "वहाँ घुमाव था. विहीर वाचवायला साहेबांनी वळण घेतलं होतं, शेजारच्या भाऊरावच्या रानातून. तू कहाँ था उस दिन?"
वैदूकडं होतो.
फेरीबी एक मारली नव्हती, मला वळण माहीतच नव्हतं. सरळ म्हणजे सरळ वाटलं.
"उद्या सकाळी तूच सांग साहेबांना. मैं नहीं बोलता."

फाल्गुन वद्य ८
नाही सांगितलं. ओ.सा.ना ताप होता.

फाल्गुन वद्य ९
आज ताप नव्हता. तरीपण नाही.

फाल्गुन वद्य १२
रंगराव पाटील तंबूवर आले. विहिरीवर सरकारी खुंटी बघून आलेले. "माझ्या बापानं खणलेली विहीर हाय. भाऊरावनं किती चारलं तुमाला?" भाऊराव त्यांचा चुलतभाऊ, दोघांचं दहा साल बोलणं नाही, मधल्या बांधावरनं कोर्टात गेलेत. ओ.सा. म्हणाले, पाटीलसाब, लाइन विहिरीवरून जातच नाही. पाटील म्हणाले, डोळ्यानं बघा. ओ.सा. छकड्यात बसून बघायला गेले.

मी तंबूच्या मागं. चाचा माझ्याकडं बघत होते आणि मी दोर गुंडाळत होतो. गुंडाळून झालेला दोर परत सोडला आणि परत गुंडाळला.

ओ.सा. परत आले. कागद उघडून बसले. संध्याकाळी सांगितलं मी. उभ्यानं, एका दमात. वैदूपासून होळीपर्यंत. ओ.सा.नी कागद मिटला. मग म्हणाले, "बड़े साहब के पास अर्जी पहुँच गई। पाटीलने परसों ही भेजी।" एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पाडवा
सगळ्या गावात गुढ्या. दादाकडं गेलो नाही. ओ.सा.नी वळण पुन्हा मांडायला घेतलं पण भाऊरावनं रानात पाय ठेवू दिला नाही. म्हणतो, "खुंट्या तकडं हायत ना, मग तकडंच मोजा."

चैत्र शु. ३
मोठा साहेब आला. घोड्यावर, संगं दोन शिपाई. नकाशा विहिरीच्या कठड्यावर पसरला. नकाशात वळण, रानात सरळ. साहेबानं ओ.सा.ना पाटलासमोर विचारलं, उर्दूत, हळू आवाजात: रेघ कुणासाठी हलवली.
मी पुढं झालो. म्हणालो, मी हलवली, होळीत जळाल्या. साहेब माझ्याकडं बघून हसला. शिपाई पण हसले. साहेब ओ.सा.ना म्हणाला, गवाह तर चांगला उभा केलाय.

असं कुणी कधी हसलं नव्हतं माझ्यावर.

साहेब परळीला गेला, अष्टमीला परत येणार. वळणावर आधी खुंट्या होत्या याचा रानात पुरावा दाखवा, नाहीतर ओ.सा. घरी आणि बीडच्या लाइनीची फाइल बंद. पैसा दुसऱ्या लाइनीला.
ओ.सा.ना पाच पोरी आहेत, औरंगाबादेत. चाचांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

चैत्र शु. ४
पुरावा कुठला. खुंट्यांची राख झाली.
चाचांना रात्री सुचलं. प्रत्येक खुंटीच्या भोकात बुडाला मूठभर चुना टाकतात ते, वाळवीसाठी. आफ्रिकेतली सवय, तिकडं वाळवी रात्रीत खुंटी खायची. मीच तर चुन्याची पाटी वाहिलीय २११ पर्यंत, टाळक्यात कसं आलं नाही. खुंटी उपटली तरी चुना खाली राहतो.
पण वळणावरची भोकं भाऊरावच्या रानात. आणि काळं रान चैत्रात भेगाळतं. वीतभर रुंद भेगा. हजार भेगांत वीसेक भोकं.

भाऊरावला मी जाऊन भेटलो. पाया पडलो. म्हणाला, "शोध की. दोन दिसांनी नांगरट हाय."
"कावून एवढी घाई? पावसाला दोन महिने हायत."
"माझं रान, माझी घाई."
त्याला कळलंय काय शोधतोय ते. चुना सापडला तर लाइन त्याच्या रानातून. नाही सापडला तर चुलतभावाच्या विहिरीवरून, नाहीतर लाइनच नाही. त्याला मागची दोन्ही चालतात.

चैत्र शु. ५
पहाटेपासून गुडघ्यावर. काठीनं भेगा उकरतो. चाचा मागून सुतळी धरून येतात, अंदाज सांगतात, "और थोडा बाएँ." दुपारपर्यंत काही नाही. एक साप. मग धसकटाखाली एक गोल भोक, हात घातला, बोटं पांढरी.
चाचांना बोटं दाखवली फक्त. ते तिथंच बसले मातीत.
दिवसभरात पाच. आतल्या बाजूला वळणाऱ्या पाच, ओ.सा.नी कागदावर मांडून बघितल्या, नकाशाशी बरोब्बर. पण म्हणाले पाचवर साहेब मानणार नाही, चुना मागनं पुरलाय म्हणेल. वळणाची दोन्ही टोकं सापडायला पाहिजेत.
मी म्हणालो, सापडतील.
"तू बोलता बहुत है," म्हणाले. पण पहिल्यांदा जरा माणसासारखं म्हणाले.

चैत्र शु. ६
रानातच बसून लिहितोय.

आज आणखी सात. एक टोक सापडलं, २१९. दुसरं टोक बांधाकडंला. तिकडं निघालो तेवढ्यात नांगर आला.
भाऊराव बांधावर उभा. सहा बैलांचा मोठा नांगर, एकट्याचे सहा बैल गावात कुणाकडं नाहीत, दोन-दोन करून गोळा करतात. पुढच्या जोडीला मी लांबनंच ओळखलं. आमचीच. ढवळ्या आणि लंगडा. नांगरावर दादा.

पहिलं तास, नांगराची पहिली रेघ, ओढून तो माझ्याकडं आला. तासात एक भोक गेलं, मी बघितलं, चुना वर आला आणि ढेकळात मिसळला.
"दादा, थांबव."
"दिसाच्या बोलीवर आलोय. भाऊरावनं ज्वारी काढायला माणसं दिलती, तू कुठं हुतास तवा?"
तेलगावला.
"वैनी इचारती, तू घरला येणार का न्हाई."
मी म्हणालो, ह्या भोकांवर एका माणसाची रोटी हाय, पाच पोरी हायत, आणि माझंबी. पण त्याचं आधी.
दादा म्हणाला, "आन् माझं?"
म्हणालो, दुसरं टोक सापडूदे, मग पाहिजे तेवढं नांगर. सापडलं की मी घरी येतो. ज्वारी गेली, पण खळं आहे, वैरण आहे, पेरणी आहे. साहेबानं कायम केलं तरी येतो.
खरं म्हणालो का तोंडाला आलं म्हणून, मला अजून कळलं नाही.
दादा वळला. बैलांकडं गेला.

बांधावरनं भाऊराव ओरडतोय, "काय झालं रं, औत कावून उभं?"
मी बांधाच्या अलीकडं, जिथं चाचा सुतळीनं दाखवतायत तिथं मांडी घालून बसलोय. खालची माती चाचांच्या अंदाजानं २३८ किंवा ३९. अजून उकरली नाही, आधी हे लिहून घेतो.
दादानं ढवळ्याच्या मानेवरनं जू वर उचलून धरलंय. मान चोळतोय की जू काढून औत सोडतोय, इथून दिसत नाही.