मीठ फक्त मलाच कळतं

सोमवार, ३ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, मीठ कमी करा. मला सांगतोय! म्हटलं, आमचे आजोबा मिठागरात राबलेत, मीठ आमच्या रक्तात आहे. म्हणाले, तोच प्रॉब्लेम आहे. आगाऊ माणूस.
तरी उद्यापासून बंद. माझी विल पॉवर घरात कुणाकडे नाही.

मंगळवार, ४
अळणी पोहे. आजाऱ्याचं खाणं. सोबत पापड, लोणचं. वरून मीठ घेतलं नाही, त्यामुळे ते धरायचं नाही. बायको म्हणाली, लोणच्यात मीठच असतं. शलाकाला वाद घालायची हौसच आहे.

गुरुवार, ६
कॅम्प तीनच्या वस्तीत कामाला गेलो. सिंधी शेठने दाल-पकवान मागवलं. मी मीठ मागितलं. शेठ म्हणाला, 'साईं, पहले चखो तो सही.' चाखायचं काय? मला बघून कळतं.

रविवार, ९. दुपारी
प्राचीला बघायला बदलापूरची मंडळी आलीत. मुलगा कैलास, त्याचे वडील रामभाऊ. शलाकाचं मटण चाखलं. पाणी! पोरीच्या आयुष्याचा प्रश्न. शलाकाची पाठ वळताच दोन मुठी मीठ टाकलं.

रविवार, संध्याकाळी
पाहुणे दहीभात खाऊन उठले. रामभाऊ नुसतं पाणी पीत होते. मटणाची जाण शून्य. प्राची रडतेय. म्हणे, 'पप्पा, तुम्हाला जीभ आहे की नाही?' एवढं शिकवलं, आणि ही भाषा.

गुरुवार, १३
अंबरनाथ पूर्वेला जिभेची चव तपासायचं शिबिर. मिठाचं पाणी कपात देतात, आधी अगदी कमी, मग वाढवत. प्राचीला मुद्दाम नेलं, तिच्यादेखत सिद्ध करायला. पहिला कप, साधं पाणी. दुसरा तसाच. तिसराही. नर्सला झापलं, नळाचं पाणी पाजताय का? ती म्हणाली, काका, तिन्हींत मीठ आहे. प्राचीने पहिल्याच कपाला तोंड वाकडं केलं.
कप कागदी होते. कागद चव खातो.

शनिवार, १५
रामभाऊंचा फोन. मुलगी पसंत. लग्नातलं जेवण मात्र आम्ही बघू, म्हणाले. प्राची इतकी खूश की मी ते जाऊ दिलं.
जेवायला बसलो. डाळीला काही चवच लागेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मोठ्या मनाने म्हटलं, 'आज मीठ परफेक्ट.'
शलाका म्हणाली, 'अहो, आज घालायचंच राहिलं.'
मिठाची बरणी कुणी पुढे केली नाही. मीही मागितली नाही.