सारसोळ्याच्या जेट्टीवर परत गेले

रविवार, संध्याकाळ

आज एकदाचं मोकळं वाटतंय. गेल्या रविवारी सारसोळ्याच्या जेट्टीवर, स्टँड नसलेली सायकल एका हाताने धरून पाणी पीत होते, तर तोल गेला आणि सायकलीसकट एका कोळीण मावशींच्या वाळत घातलेल्या सुकटीवर पडले. त्या ओरडत धावून आल्या आणि मी, पन्नाशीची बाई, चक्क पळाले! का पळाले? आठवडाभर डोक्यात तेच.

म्हणून आज नवा स्टँड घेऊन गेले. स्टँड कसला, घडी करून खिशात मावणारी काडीच, चमच्याएवढ्या वजनाची. मावशी तिथेच होत्या. काडी सायकलीला टेकू म्हणून लावली, चाक सरकू नये म्हणून ब्रेक रबराने बांधला आणि म्हटलं, "मावशी, त्या दिवशी चुकलं माझं."

त्या आधी काडीकडेच बघत राहिल्या. "ही एवढीशी काडी सायकल पेलंल?" बोटाने ढकलूनही पाहिलं. सायकल पडली नाही!

मग म्हणाल्या, "सुकटीचं काय नाय गो. पन तू पलालीस कशाला? मी बोंबलत आले ती तुला लागलं का, ते बघाला!"

मी कोपरावरची खपली दाखवली. मावशींनी हात धरून घरी नेलं आणि भाकरी-कालवण खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.