मधली फळी

भिसेगाव, कर्जत

प्रिय संजू,

तू तुझ्या प्रयोगशाळेतून पाठवलेलं चुंबकाच्या पोटातलं चित्र मी पुन्हा पुन्हा पाहते. काळ्यापांढऱ्या वळ्या, डोंगरावरून दिसणाऱ्या खाचरांच्या बांधांसारख्या. एकेक वळी केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी, आणि तुझ्या यंत्रातल्या प्रकाशाचा तडाखा बसला की पापणी लवायच्या कितीतरी आधी उलटते. तडाखा फार जोराचा असला तर नमुना फुटतो, पण तोवर चित्र मिळालेलं असतं, असं तू म्हणालीस. ते डोक्यातून जात नाही.

आम्ही साजगावच्या कारखान्यात वीतभर लांबीचे चुंबक विजेच्या मोटारींत बसवतो. दोन चुंबकांच्या मध्ये लाकडी फळी ठेवायची, मगच एक सरकवायचा, नाहीतर ते एकमेकांवर आदळतात, हा पहिल्या दिवसाचा धडा. मागच्या मंगळवारी टेबल डुगडुगत होतं, जोडणी तिरकी येत होती. मी ती फळी काढून टेबलाच्या पायाखाली सारली. पलीकडे आवडी होती, वाडीवरची, माझ्याच हाताखाली शिकलेली. मध्ये पत्र्याचा आडोसा असल्यामुळे तिला फळी दिसत नाही. तिने विचारलं, "ताय, फळी हाय ना गं?"

मी सवयीने म्हटलं, "हाय. सरकव."

लाकूड फुटावं तसा आवाज झाला. तिची तीन बोटं मध्ये होती. ती नुसती हाताकडे बघत राहिली. दोघा कामगारांनी पाचर ठोकून चुंबक सोडवले, तेव्हा एकाचा टवका उडून तिचा गाल चिरला. बोटं चपटी झाली होती गं, नखं कुठे होती ते कळत नव्हतं. तेवढ्या गोंधळात मी पायानेच फळी ओढून घेतली आणि टेबलावर ठेवली. साहेबांना सांगितलं, घाईत आवडीनेच काढली असेल. पंधरा वर्षं तिथे काम करणारी मी, कोणाला शंकाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ पोशा गेटवर आला. त्याने दगडाने काच फोडली. पहारेकऱ्यांनी त्याला काठ्यांनी इतकं मारलं की त्याचा कान फाटून लोंबायला लागला. तो एकच वाक्य म्हणत होता, तायला इचारूनच सरकवला म्हनते, माझी भईन खोटं बोलत नाय. मी खिडकीत डबा धरून उभी होते. खाली गेले नाही.

तुला फोन करून मी तेच खोटं सांगितलं, आणि साहेबांनी मागितलं म्हणून, चूक कामगाराचीच होती असं चुंबकांची जाणकार म्हणून तुझ्या सहीने लिहून दे म्हटलं. तू लगेच हो म्हणालीस. संजू, ते लिहू नकोस. उद्या सकाळी चौकशी आहे, मी खरं सांगायचं ठरवलंय. पण तुझा कागद टेबलावर असला तर मी त्याच्यामागे लपेन, मला माझी खात्री नाही. फोनवर बोलले असते तर पुन्हा खोटं बोलले असते, म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतेय. वाचलंस की फक्त एवढंच कळव, की तो कागद पाठवला नाहीस.

तुझीच, तोंड दाखवायला लाजणारी
भाग्यश्रीताई