देवळापाशी रेंज, सिमला कुलूप

१ डिसेंबर १९९९, बुधवार
भाचा दत्तात्रय पणजीहून आला, मला मोबाइल देऊन गेला. आत सिम नावाचं नखाएवढं कार्ड. त्या कार्डातच सोयी: बातम्या, भविष्य, शिवाय कुलूप. "मावशी, आधी पत्रक वाचा," म्हणाला. बी.ए. झालेल्या बाईला पत्रक कशाला?
रेंज फक्त टेकडीवरच्या देवळापाशी. तरी पुतणी केशरला बघून गेलेल्या फोंड्याच्या मंडळींना हाच नंबर दिला. होकार की नकार, रविवारी अकराला कळवणार आहेत. वासूच्या दुकानात फोन आहे, पण तिथे सगळा बाजार कान लावून बसतो.

३ डिसेंबर
धाकटी जाऊ इंदू, केशरची आई, मोबाइल देवळात घेऊन गेली आणि सिमचं 'भविष्य' दाबून आली! म्हणे, "अक्का, केशरचं जमतंय का न्हाई, ह्यात दिसंल न्हवं?" अडाणीपणा. सिमला चार आकड्यांचं कुलूप घातलं. कुणाला ओळखणं शक्य नाही.

४ डिसेंबर
बॅटरीला विश्रांती म्हणून मोबाइल बंद केला होता. चालू केला तर आकडे मागतो. माझं जन्मवर्ष: चूक. केशरचं: चूक. आता एकच संधी. काळजी नाही. एक तर लग्नाचं वर्ष, नाहीतर बी.ए.चं. उद्यापर्यंत आठवेल.

५ डिसेंबर, सकाळी दहा
आठवलं नाही. देवळात आले, केवळ रेंजसाठी. इंदूने हट्टाने कौल लावायला सांगितला. गुरव उमाजीने देवाला पाकळ्या चिकटवून विचारलं, "देवा, लगीन का कालेज? लगीन असंल तर उजवी दे." उजवी पडली.
मी हसले. कुलपाला लग्नाचं वर्ष मी देईनच कशी? बी.ए.चं दाबलं.

दुपारी
सिम बंद. आता कंपनीकडचा आकडा मागतंय. अकरा वाजून गेले. इंदू देवापुढे रडत बसली. उमाजी म्हणाला, "देव सांगत हुता, अक्का. तुमीच ऐकला न्हाईसा."

८ डिसेंबर
पत्रक वाचलं. कुलपाची सगळी माहिती अगदी दुसऱ्या पानावर आहे.
बाजारात वासूने सगळ्यांदेखत माझं अभिनंदन केलं. केशरने काल त्याच्या दुकानातून फोंड्याला फोन केला. मुलीने! स्वतः! फोन लागला नाही म्हणून त्यांना आमचाच नकार वाटला होता. साखरपुडा ठरला. मी वासूला "माहीत आहे" म्हणाले.
घरी येऊन केशरला विचारलं, मला आधी का नाही कळवलंस?
ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "कसं कळवू, मोठी आई? तुमचा फोन बंद हाय."