हातोडा कोणाच्याही हाती देऊ नये

मी, वरच्या रानाचा सरकारी वनपाल, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबाव आहे, पण तो दुसऱ्याच कामासाठी आहे. अक्षर वाकडे आले तर वकिलांनी त्यातून वेडेपणा किंवा दारू काढू नये. मी घाबरलो आहे, एवढेच.

कलम १. लाकूडगिरणीच्या रस्त्यावरचे माझे राहते घर माझ्या पत्नीला मिळावे. त्याचे वासे मी सरकारी लिलावात, पावती घेऊन विकत घेतले आहेत. वनपालाचे घर म्हणजे चोरीचे लाकूड, असे चारचौघांत म्हणणाऱ्या माझ्या मेहुण्याला ती पावती दाखवावी आणि चहा विचारू नये.

कलम २. बँकेतील शिल्लक मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी. तिने वनखात्यात भरती होऊ नये. माझे बूट तिला होत नाहीत, हे देवाचे उपकार.

कलम ३. होकायंत्र, मोजपट्टी आणि रेनकोट माझ्या जागी येणाऱ्या वनपालाला द्यावे. रेनकोट डाव्या खांद्यावर गळतो, हे त्याला आधी सांगावे.

कलम ४. मार्किंगचा हातोडा माझा नाही, सरकारचा आहे. तोडायच्या झाडाची साल जमिनीलगत तासून आम्ही त्याने शिक्का ठोकतो. झाड गेले तरी शिक्का खाली बुंध्यावर राहतो. शिक्क्याचा बुंधा म्हणजे कायदेशीर तोड, बिनशिक्क्याचा म्हणजे चोरी. ठेकेदाराला झऱ्यावरची जुनी झाडे हवी आहेत. ती गेली तर पहिल्या मोठ्या पावसात सगळा उतार खालच्या घरांवर येईल, म्हणून मी त्यांवर शिक्का मारत नाही. परवा ठेकेदार दारात उभा राहून हसत म्हणाला, "आधीच्या वनपालांचं फार वाईट झालं हो. झाड कुठं पडेल, सांगता येतं का?"

मला सांगता येते. म्हणूनच तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. खिडकीपाशी बसवत नाही, आणि आत पातेले पडले तरी काळजात धस्स होते. साहेबांच्या कानावर घातले, तर म्हणाले, "मनाला काय लावून घेतोस? ठोक आणि मोकळा हो." साहेबांसाठी मी काहीही ठेवत नाही. हातोडा उशाशी आहे. माझ्यामागे तो सरकारी कचेरीतच जमा करावा, मधल्या कोणाच्याही हाती देऊ नये.

कलम ५. उद्या झऱ्यावर मार्किंग आहे. मी गेलो नाही तर हातोडा दुसऱ्याला मिळेल, म्हणून जाणार आहे. शेजारच्या पट्ट्यात ठेकेदाराची तोड चालू असेल. झाड पडत असताना मी त्याच्या दोन उंचींच्या आत कधीही उभा राहत नाही. मजूर मला 'लांबचे मामा' म्हणतात ते यामुळेच. सबब मी झाडाखाली सापडलो, तर 'चुकून उभे राहिले' हा अहवाल कोणी मानू नये. आधीच्या वनपालाच्या मृत्यूच्या अहवालात हेच वाक्य होते. बुंध्यावरची खाच कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. झाड खाचेकडे पडते, आणि खाच माणूस घेतो.

साक्षीदारांविषयी. कायद्याने दोन लागतात. शेजारच्या मास्तरांना चष्मा सापडेना. तो त्यांच्या नाकावर होता. माझ्या हाताखालचा गार्ड "आलोच" म्हणाला आणि घराला कुलूप लावून गेला. मी रागावलो नाही, इथे प्रत्येकाचे पोट ठेकेदाराच्या लाकूडगिरणीवर आहे. आगीवर नजर ठेवणाऱ्या मनोऱ्यावरचे निवृत्त काका मात्र आले. म्हणाले, "मला ऐकूच येत नाही. धमकी दिली तरी कळायची नाही!"

दुसरे कोणी येईना. शेवटी पत्नीने पेन उचलले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष केली, तर त्याचा हिस्सा जातो, हे वकिलांनी आम्हा दोघांनाही बजावले होते.

"अगं, घर जाईल तुझं."

"जाऊ दे. पाचव्या कलमाखाली सही नको का कुणाची? नाहीतर म्हणतील, यांनी असलं काही लिहिलंच नव्हतं."

"राहशील कुठे?"

"तुम्ही आधी ते पहिलं कलम बदला."

म्हणून कलम १ रद्द करतो. घर मुलीला मिळावे. तिने आईला तिथून कधी उठवू नये, ही माझी विनंती. विनंतीला कायद्यात किंमत नाही, असे वकील म्हणतात.

ठिकाण: माझ्या घराची स्वयंपाकखोली, दार आतून लावून.
दिनांक: ७ नोव्हेंबर, दुपार.

(सही) वनपाल

साक्षीदार १. मनोऱ्यावरचे काका. (सही) यांनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. डोळे चांगले आहेत.

साक्षीदार २. वनपालाची पत्नी. (सही) सगळं वाचलं. यांनी माझ्यासमोर सही केली. हे उद्या संध्याकाळी जेवायला घरी यायचे आहेत.