‘परत ये’ म्हणणारी पोथी

३ मार्च, प्लेनो
पोचले एकदाची! नीलाकाकू स्वतः एअरपोर्टवर आल्या होत्या. सत्तरीतल्या, पण हायवेवर झोकात ड्राइव्ह करतात. त्यांचे यजमान एकनाथकाका नोकरीसाठी थायलंड-लाओसमध्ये राहिले, तिथून पेटीभर पोथ्या आणल्या. काका दिवाळीत गेले. आता पोथ्या युनिव्हर्सिटीला द्यायच्यात. त्याआधी कोणती कुठल्या भाषेतली, ते मी ओळखायचं. खिडकीबाहेर तळं आहे. काकूंनी पोहे केले. नागपूरची उपासना टेक्सासात पोह्यांवरची झणझणीत तर्री शोधतेय!

५ मार्च
बहुतेक पोथ्या थाम लिपीत. थाम म्हणजे आपला धम्मच. गोल गरगरीत अक्षरं, एकाखाली एक लटकलेली. पाली मजकूर मला सरळ वाचता येतो. पण हीच लिपी लाओ, लान्ना, ल्यू अशा थाईच्या कुळातल्या कितीतरी भाषांना चालते. शब्द मोठ्यानं म्हणून पाहिले की भाषा कळते. एक पोथी ल्यू निघाली. आजाऱ्याचा हरवलेला जीव परत बोलावण्याची. रानातून ये, पाण्यातून ये, मसणातून ये. मध्ये आजाऱ्याचं नाव घ्यायचं. मी वाचत होते तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

६ मार्च
काकू म्हणाल्या, ह्यांचं नाव घालून वाच. मी कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, तू घे. मी समजावलं, हे जिवंत माणसासाठी असतं. जीव उतरायला देह लागतो. त्यांचे डोळे भरून आले. मनात म्हटलं, आपण बौद्ध, आत्मा मानत नाही, मग बिघडतं कुठे? वाचलं. रात्री काकूंनी जेवायला तीन ताटं घेतली.

८ मार्च
आईला व्हिडिओ कॉल केला. म्हणाली, आवाज का असा घोगरा? मग म्हणाली, तुझ्यामागे कोण गृहस्थ उभेत? मागे भिंत होती. काकू मला आता नावानं हाक मारत नाहीत. ‘अहो’ म्हणतात.

९ मार्च
जवळच फ्रिस्कोत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, ज्ञानदाला फोन केला. येतेय, म्हणाली. बॅग भरून ठेवली. काकूंनी हात घट्ट धरून मनगटाला पांढरा दोरा बांधला — पोथीत शेवटी तेच आहे, जीव देहात बांधून टाकायचा — तोडता येत नाही — माझी बोटं एवढी जाड कधी —

दुपार
बेल वाजली. दार मीच उघडलं. ज्ञानदाच होती. माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, नमस्कार काका, उपासना आहे का?
मी म्हणालो —